बिअरनिर्मिती, घरगुती

विक्रीसाठी नव्हे, तर स्वतःच्या कुटुंबाच्या व पाहुण्यांच्या उपयोगासाठी घरच्या घरी बिअर तयार करण्याची कला. मोड आणून वाळविलेल्या सातूचा (बार्लीचा) अर्क, पाणी, हॉप्स व यीस्ट हे बिअरचे चार मुख्य घटक होत. त्यांपैकी हॉप्समुळे कडवटपणा, सुवास व टिकाऊपणा येतो. यीस्टमुळे अर्कातील साखरेचे अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड यांत रूपांतर होते. घरगुती निर्मात्यांच्या प्रयोगांना सर्वांत अधिक वाव या दोन घटकांतच मिळाला आहे.

बिअर ही मुळात घरात, बहुधा स्त्रियांच्या हातून, तयार होणारी वस्तू होती. हॉप्समुळे ती टिकाऊ व दूरवर नेण्याजोगी झाली, तर शुद्ध यीस्टमुळे ती प्रत्येक वेळी एकसारखी होऊ लागली. या दोन्ही सुधारणांचा फायदा मोठ्या कारखान्यांना झाला आणि घरातील निर्मिती मागे पडली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा कारखानदारीने ज्या गोष्टी टाकून दिल्या होत्या त्यांतील काहींचे मोल नव्याने कळून आले.

घटक व कृती : सातूचे दाणे भिजवून त्यांना मोड आणतात व नंतर ते वाळवितात, यालाच माल्ट म्हणतात. माल्ट भरडून सु. ६५° ते ६८° से. तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवले असता त्यातील एंझाइमांमुळे स्टार्चाचे साखरेत रूपांतर होते. गाळून घेतलेल्या गोड अर्काला ‘वर्ट’ म्हणतात. तो हॉप्ससह सु. एक तास उकळतात, थंड करतात व त्यात यीस्ट मिसळतात. किण्वन (आंबण्याची क्रिया) पुरे होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. नंतर थोडी साखर घालून बिअर बाटल्यांत भरली म्हणजे उरलेल्या यीस्टमुळे बाटलीतच वायू निर्माण होऊन ती फेसाळते. [→ किण्वन, यीस्ट].

हॉप ही भांगेच्या कुलातील वेल असून तिचे शास्त्रीय नाव ह्युम्युलस ल्युप्युलस असे आहे. नर व मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. बिअरसाठी मादी वेलीवरील शंकूच्या आकाराचे फुलोरे वापरतात. त्यांच्या पाकळ्यांसारख्या छदांच्या बुडाशी ल्युप्युलीन नावाची पिवळी, चिकट भुकटी असते. तीत आल्फा अम्ले ही रेझिने व बाष्पनशील तेले असतात. आल्फा अम्ले वर्टमध्ये सहज विरघळत नाहीत. उकळल्यावर त्यांच्या रेणूंची मांडणी बदलून आयसो-आल्फा अम्ले बनतात व ती विरघळून कडवट चव देतात. ही अम्ले ग्रॅम-रंजक-व्यक्त सूक्ष्मजंतूंच्या वाढीस प्रतिबंध करतात. त्यामुळे दुधाप्रमाणे बिअर आंबविणाऱ्या जंतूंना आळा बसतो. तेले मात्र उकळताना वाफेबरोबर निघून जातात. म्हणून कडवटपणासाठी हॉप्स प्रारंभी, तर सुवासासाठी उकळणे संपताना किंवा त्यानंतर घालतात. घरगुती प्रयोगांचा मोठा भाग या एका विरोधावर उभा आहे.

हॉप्सपूर्व काळ : मेसोपोटेमियात इ. स. पू. १८०० च्या सुमाराच्या निन्कासी या देवतेच्या स्तोत्रात बिअर करण्याची कृती वर्णिलेली आहे. निन्कासी ही स्त्रीदेवता असून ती मद्यनिर्मितीची अधिष्ठात्री मानली जाई. मध्ययुगीन यूरोपात हॉप्सचा प्रसार होण्यापूर्वी बिअरला चव आणण्यासाठी बॉग मर्टल, यॅरो, रानटी रोझमेरी इ. वनस्पतींचे मिश्रण वापरीत. या मिश्रणाला ‘ग्रूट’ असे नाव होते. ऱ्हाईन नदीकाठच्या प्रदेशात व नेदर्लंड्समध्ये ग्रूट विकण्याचा हक्क राजे, बिशप किंवा नगरे यांच्याकडे असे व तो उत्पन्नाचे साधन होता. इंग्लंडमध्ये हॉप्सविरहित पेयाला ‘एल’ म्हणत. एल फार दिवस टिकत नसे; त्यामुळे ते थोड्या प्रमाणात व वारंवार करावे लागे. घरातील स्त्रिया कुटुंबासाठी एल करीत आणि उरलेले शेजाऱ्यांना विकीत. चौदाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील खेड्यांत हा व्यवसाय मुख्यतः स्त्रियांच्या हाती होता.

हॉप्सचा प्रसार : बिअरच्या संदर्भात हॉप्सचा एक जुना लेखी उल्लेख उत्तर फ्रान्समधील कॉर्बी येथील मठाधिपती अ‍ॅडलहार्ड याने ८२२ मध्ये घालून दिलेल्या नियमांत आढळतो. जर्मनीतील मठवासिनी हिल्डेगार्ड ऑफ बिंगेन (१०९८–११७९) हिने आपल्या वनस्पतीविषयक लेखनात हॉप्सच्या कडवटपणामुळे पेये नासत नाहीत, असे नमूद केले आहे. तेराव्या-चौदाव्या शतकांत ब्रेमन, हँबर्ग इ. उत्तर जर्मन बंदरांतून हॉप्सयुक्त बिअरची निर्यात होऊ लागली. इंग्लंडमध्ये ती १४०० च्या सुमारास नेदर्लंड्समधून आली, तर सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात केंटमध्ये हॉप्सची लागवड सुरू झाली. रेजिनल्ड स्कॉट याने १५७४ मध्ये हॉप्सच्या मळ्याविषयी स्वतंत्र इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले.

टिकाऊ बिअर मोठ्या पिंपांत साठविता व दूरवर पाठविता येऊ लागली. अर्थात तिच्यासाठी मोठी भांडी, सरपण, साठवणीची जागा व भांडवल लागे. ही साधने बहुतेक स्त्रियांना उपलब्ध नव्हती. ज्यूडिथ बेनेट या इतिहासकार विदुषींनी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे १३०० ते १६०० या काळात इंग्लंडमधील हा व्यवसाय स्त्रियांकडून पुरुषांकडे गेला. हॉप्स हे त्याचे एकमेव कारण नव्हते. शहरांची वाढ, कारागिरांचे संघ, लष्कराची मागणी व कर्जाऊ भांडवल मिळण्यातील विषमता हीही कारणे होती. तथापि या सर्वांना एकत्र आणणारी तांत्रिक अट हॉप्सने पुरी केली, असे म्हणता येईल.

बव्हेरियाच्या विल्हेल्म चौथा व लूटव्हिख दहावा या ड्यूकांनी २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे जाहीर केलेल्या आदेशानुसार बिअरमध्ये सातू, हॉप्स व पाणी यांखेरीज काहीही घालण्यास मनाई करण्यात आली. या आदेशात यीस्टचा उल्लेख नाही. यीस्ट हा स्वतंत्र घटक आहे, ही कल्पनाच त्या काळी रूढ नव्हती.

यीस्टची घरगुती जोपासना : यीस्टचे स्वरूप अज्ञात असले, तरी त्याचा व्यवहार घरोघर माहीत होता. आंबलेल्या बिअरवरचा फेस किंवा तळाचा गाळ काढून तो पुढच्या खेपेसाठी राखून ठेवीत, पाव करणाऱ्यास देत किंवा शेजाऱ्याकडून मागून आणीत. आपल्याकडे दह्याचे विरजण जसे राखतात व अडल्यास शेजारून आणतात, तसाच हा प्रकार होता. पंधराव्या शतकात इंग्लंडमधील नॉरिच येथे यीस्टला ‘देवाचे देणे’ अशा अर्थाचे नाव होते. चांगली बिअर झालेल्या खेपेचाच फेस पुढे वापरला जाई व बिघडलेल्या खेपेचा टाकून दिला जाई. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ही निवड म्हणजे नकळत केलेले यीस्टचे संवर्धनच होय. यीस्टच्या १५७ वाणांच्या जीनोमांचा (आनुवंशिक द्रव्याच्या संपूर्ण संचांचा) अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून बिअरच्या यीस्टचे हे ‘माणसाळणे’ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंतच्या काळात सुरू झाले असावे, असा अंदाज बांधण्यात आला. या यीस्टमध्ये माल्टोट्रायोज ही साखर वापरण्याची क्षमता वाढलेली, तर लवंगेसारखा वास निर्माण करणारी जनुके अनेकदा निकामी झालेली आढळतात.

बव्हेरियात १५५३ मध्ये उन्हाळी मद्यनिर्मितीवर बंदी घालण्यात येऊन २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल हाच काळ बिअर करण्यास मोकळा ठेवण्यात आला. थंडीत मंद गतीने काम करणारे व तळाशी बसणारे यीस्ट त्यामुळे प्रबळ झाले. सॅकॅरोमायसीज पास्टोरिआनस हे लागर बिअरचे यीस्ट म्हणजे नेहमीच्या सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसी या जातीचा एका थंडी सोसणाऱ्या रानटी जातीशी झालेला संकर होय. ही दुसरी जाती, सॅकॅरोमायसीज युबायानस, अर्जेंटिनातील पॅटागोनियाच्या जंगलात नोथोफेगस वृक्षांवरील गाठींत सापडल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. पुढे ती तिबेटच्या पठारावर व अन्यत्रही आढळली.

शुद्ध यीस्टचा शोध : आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने १६८० मध्ये सूक्ष्मदर्शकातून बिअरमधील यीस्टचे गोल कण पाहिले, पण ते सजीव असल्याचे त्याच्या ध्यानी आले नाही. १८३७ च्या सुमारास कान्यार द ला तूर, टेओडोर श्वान व फ्रीड्रिख क्यूट्सिंग यांनी स्वतंत्रपणे यीस्ट सजीव असल्याचे प्रतिपादन केले. यूस्टुस फोन लीबिख याने या मतास विरोध केला. लूई पाश्चर यांच्या १८५७ नंतरच्या संशोधनाने व १८७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बिअरविषयक ग्रंथाने हा वाद बहुतांशी मिटला आणि बिअर बिघडण्याचे कारण अनिष्ट सूक्ष्मजंतू हे असल्याचे स्पष्ट झाले.

यापुढचे पाऊल कोपनहेगन येथे पडले. कार्ल्सबर्ग कारखान्याचा संस्थापक जे. सी. याकोबसेन याने बव्हेरियन पद्धतीच्या बिअरचे आपले पहिले प्रयोग आईच्या घरातील कपडे उकळण्याच्या तांब्याच्या भांड्यात केले, असे सांगितले जाते. १८४५ मध्ये त्याने म्यूनिकहून तळाशी बसणारे यीस्ट आणले, १८४७ मध्ये कारखाना काढला आणि १८७५ मध्ये त्याला प्रयोगशाळेची जोड दिली. या प्रयोगशाळेतील एमिल क्रिश्चन हान्सेन याने एकाच कोशिकेपासून यीस्टची पैदास करण्याची पद्धत सिद्ध केली. बिघाडाला केवळ जंतूच नव्हे, तर रानटी यीस्टही कारणीभूत असते, हे त्याने दाखवून दिले. १२ नोव्हेंबर १८८३ रोजी कार्ल्सबर्गमध्ये शुद्ध यीस्टचा कारखानी वापर सुरू झाला. याकोबसेनने ही पद्धत गुप्त न ठेवता इतरांना खुली केली व यीस्टही दिले.

या शोधाने खेपेमागून खेप बिघडण्याचे मोठे नुकसान टळले. त्याचबरोबर अनेक ठिकाणची स्थानिक, मिश्र यीस्टे लोप पावली. कारण ज्याचे शुद्ध वाण वेगळे काढून जपले नाही, ते कारखान्यातून बाहेर टाकले गेले. या टाकून दिलेल्या यीस्टमध्येही गुण होते, हे कार्ल्सबर्गच्याच एन. येल्टे क्लाउसेन याने १९०४ मध्ये दाखविले. दीर्घकाळ मुरविलेल्या इंग्लिश बिअरची खास चव एका निराळ्या यीस्टमुळे येते, असे आढळल्यावर त्याने त्याला ब्रेटॅनोमायसीज, म्हणजे ‘ब्रिटिश कवक’, असे नाव दिले.

कर, कायदे व ऱ्हास : इंग्लंडमध्ये माल्टवर १६९७ मध्ये व हॉप्सवर १७११ मध्ये कर बसविण्यात आला. तरीही जमीनदारांच्या वाड्यांत व अनेक शेतकऱ्यांच्या घरी बिअर होत असे. वाड्यांतून ऑक्टोबर महिन्यात भरपूर हॉप्स घालून केलेली कडक बिअर वर्षानुवर्षे मुरवीत ठेवीत. अमेरिकेत व्हर्जिनियातील माँटिचेलो येथे टॉमस जेफर्सन यांच्या पत्नी मार्था या १७७२ पासून घरी नियमितपणे सौम्य बिअर करवून घेत. त्याच घरी १८१३ पासून पीटर हेमिंग्स या गुलाम स्वयंपाक्याने जोसेफ मिलर या इंग्लिश मद्यनिर्मात्याच्या हाताखाली ही विद्या आत्मसात केली. घरगुती बिअरचे ज्ञान बव्हंशी अशाच, स्वतः काही लिहून न ठेवणाऱ्या, माणसांच्या हाती होते; म्हणून तिचा इतिहास हिशेबाच्या वह्यांतून व करांच्या नोंदींतून शोधावा लागतो.

विल्यम कॉबेट याने १८२१–२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॉटेज इकॉनॉमी या पुस्तकात मजुरांच्या घरांतून बिअर करण्याची प्रथा चाळीस वर्षांत कशी नाहीशी झाली, याबद्दल खेद व्यक्त केला आणि माल्ट व हॉप्स यांवरील करांना दोष दिला. १८६२ मध्ये हॉप्सवरील व १८८० मध्ये माल्टवरील कर रद्द झाला. परंतु १८८० च्याच कायद्याने तयार बिअरवर कर बसविला आणि घरी बिअर करणाऱ्यास परवाना आवश्यक केला. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती. तिच्या समाप्तीनंतर घरी द्राक्षमद्य करण्यास कायद्याने मोकळीक मिळाली. घरगुती बिअरला मात्र ती मिळाली नाही.

पुनरुज्जीवन : ब्रिटनमध्ये अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी १९६३ च्या अर्थसंकल्पात घरगुती परवान्याची अट काढून टाकली. त्याच वर्षी सी. जे. जे. बेरी यांचे घरगुती बिअरवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्यानुसार फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढास वर्षाला १०० गॅलन (सु. ३७९ लि.) व दोन अथवा अधिक प्रौढांच्या कुटुंबास २०० गॅलन बिअर करमुक्त करता येऊ लागली. राज्यांचे कायदे वेगळे असल्याने मिसिसिपी व अ‍ॅलाबामा या राज्यांत ही मुभा २०१३ मध्येच मिळाली. १९७८ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे घरगुती निर्मात्यांची संघटना स्थापन झाली. तिचे एक संस्थापक चार्ली पापाझियन यांचे १९८४ मधील पुस्तक हे या छंदाचे प्रमाणभूत मार्गदर्शक ठरले.

आरंभीची साधनसामग्री निकृष्ट होती. डब्यातील घट्ट माल्ट-अर्क, पावासाठीचे यीस्ट व जुने, वास उतरलेले हॉप्स यांवरच भागवावे लागे. हॉप्समधील अम्लांचे प्रमाण हवा व उष्णता यांनी घटते; त्यामुळे एकाच कृतीने केलेल्या दोन खेपा कडवटपणात भिन्न होत. या अडचणीतून मोजमापाची निकड निर्माण झाली. एक लिटर बिअरमधील सु. एक मिग्रॅ. आयसो-आल्फा अम्ल हे कडवटपणाचे एक एकक मानतात. ग्लेन टिन्सेथ यांनी १९९० नंतरच्या दशकात मांडलेले सूत्र घरगुती निर्मात्यांत विशेष रूढ झाले. या सूत्रानुसार १.०५० विशिष्ट गुरुत्वाच्या वर्टमध्ये हॉप्स एक तास उकळले, तर त्यांतील सु. २३ टक्के आल्फा अम्ल बिअरमध्ये उतरते. पंधरा मिनिटेच उकळल्यास हे प्रमाण सु. ११ टक्के होते. म्हणजे ६ टक्के आल्फा अम्ल असलेले ३० ग्रॅ. हॉप्स २० लि. वर्टमध्ये तासभर उकळल्यास सु. २१ एकके व पंधरा मिनिटे उकळल्यास सु. १० एकके कडवटपणा मिळतो.

हॉप्सचे नवे वाण : केंटमधील वाय महाविद्यालयात ई. एस. सॅमन यांनी १९०६ पासून हॉप्सच्या संकराचे काम केले. कॅनडातील मॅनिटोबाहून आणलेल्या रानटी वेलीपासून त्यांनी १९१९ मध्ये मिळविलेल्या रोपांतून ब्रुअर्स गोल्ड व बुलियन हे वाण पुढे प्रसारित झाले. त्यांत आल्फा अम्ले विपुल होती. पण त्यांचा ‘अमेरिकन’ वास इंग्लिश मद्यनिर्मात्यांना दोषास्पद वाटे. हाच दोष पुढे गुण ठरला. अमेरिकेतील ऑरेगन येथे शासकीय संशोधन केंद्रात विकसित झालेला कॅस्केड हा वाण १९७२ मध्ये प्रसारित झाला. त्याचा वास पपनसाच्या सालीसारखा आहे. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या अँकर कारखान्याने १९७५ मध्ये लिबर्टी एल या बिअरसाठी तो वापरला (या कारखान्याचे काम २०२३ मध्ये बंद पडले). कॅलिफोर्नियातील चीको येथे घरगुती बिअरच्या साहित्याचे दुकान चालविणारे केन ग्रॉसमन यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या सिएरा नेव्हाडा कारखान्याच्या पेल एलमुळे हा सुवास सर्वत्र परिचित झाला. मोठ्या कारखान्यांनी बिअरमधील हॉप्सचे प्रमाण घटवीत नेले असता, घरी तयार झालेली आवड अशा रीतीने उद्योगात परत आली.

हॉप्स व यीस्ट यांची परस्परक्रिया : किण्वन चालू असताना किंवा संपल्यावर न उकळलेले हॉप्स बिअरमध्ये घालण्यास ‘सुके हॉपिंग’ म्हणतात. यामुळे केवळ सुवास येतो असे नाही. होरेस ब्राउन व जी. हॅरिस मॉरिस यांनी १८९३ मध्येच दाखविले होते, की हॉप्समध्ये स्टार्चाचे विघटन करणारे एंझाइम असते व त्यामुळे थांबलेले किण्वन पुन्हा सुरू होते. हे निरीक्षण दीर्घकाळ विस्मृतीत गेले. एकविसाव्या शतकात घरगुती व लहान निर्माते लिटरमागे अनेक ग्रॅम सुके हॉप्स घालू लागले, तेव्हा बाटल्यांत अनपेक्षित दाब निर्माण होऊ लागला आणि या जुन्या संशोधनाकडे पुन्हा लक्ष गेले. काचेची बाटली फुटून इजा होण्याचा धोका असल्याने विशिष्ट गुरुत्व काही दिवस स्थिर राहिल्याची खात्री करूनच बाटल्या भरणे आवश्यक असते.

यीस्टही हॉप्सच्या सुवासात बदल घडवून आणते. हॉप्समधील जिरॅनिऑल या गुलाबासारख्या वासाच्या द्रव्याचे ते सिट्रोनेलॉल या लिंबूवर्गीय वासाच्या द्रव्यात रूपांतर करू शकते. म्हणून तेच हॉप्स दोन वेगळ्या यीस्टबरोबर भिन्न वास देतात. हे पडताळण्याची सोपी रीत म्हणजे एकच वर्ट दोन भांड्यांत विभागून बाकी सर्व गोष्टी समान ठेवणे व एकच घटक बदलणे. चव घेताना करणाऱ्याच्या मनाचा कल आड येऊ नये म्हणून त्रिकोण-चाचणी वापरतात. तीत तीन पेल्यांपैकी दोहोंत एक व तिसऱ्यात दुसरी बिअर ठेवून वेगळा पेला ओळखण्यास सांगतात. केवळ अंदाजाने तीनांतून एकदा उत्तर बरोबर येते. त्याहून पुष्कळ अधिक वेळा आले, तरच फरक खरा मानतात. ही चाचणीही १९४० नंतरच्या दशकात कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत वापरात आली होती.

नॉर्वेतील क्वेइक : प्रयोगशाळेबाहेर टिकून राहिलेल्या यीस्टचे सर्वांत ठळक उदाहरण पश्चिम नॉर्वेतील शेतघरांत आढळते. तेथे यीस्टला ‘क्वेइक’ म्हणतात. किण्वन संपल्यावर ते लाकडी ओंडक्यावर किंवा गवताच्या व लाकडाच्या कड्यांवर सुकवून पुढच्या सणापर्यंत जपून ठेवीत. ते बिघडल्यास शेजाऱ्याकडून आणीत. ओड नॉर्डलान्ड यांनी १९६९ मध्ये या परंपरेचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ती लोप पावत होती. २०१० नंतरच्या दशकात लार्स मारिउस गार्शोल यांनी शेतघरांतून हिंडून तिची नव्याने नोंद केली व नमुने संशोधकांपर्यंत पोहोचविले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात क्वेइक हा माणसाळलेल्या यीस्टचा आनुवंशिक दृष्ट्या वेगळा गट असल्याचे दिसून आले. सामान्य एल यीस्टला सु. १८° ते २२° से. तापमान मानवते, क्वेइक मात्र ३०° ते ४०° से. तापमानातही जलद व निर्दोष किण्वन करते. काही पिढ्यांनी आपले यीस्ट फेकून देऊन बाजारातील पाकीट आणले असते, तर हा गुण पाहावयासही मिळाला नसता. पाकिटे सहज मिळू लागल्यावर अनेक घरांत तसेच घडले होते.

भारत : अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या बो भागातील जॉर्ज हॉजसन याच्या कारखान्याची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून कलकत्ता, मद्रास व मुंबई येथे येत असे, १८२० नंतरच्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंट येथील कारखानेही या व्यापारात उतरले. भरपूर हॉप्सची ही फिकट बिअर पुढे ‘इंडिया पेल एल’ या नावाने ओळखली गेली. तिचा पूर्वज म्हणजे इंग्लिश वाड्यांतील उपरोक्त ऑक्टोबर बिअर होय. भारतातील घरगुती परंपरा यांहून निराळी आहे. झारखंड, ओडिशा इ. प्रदेशांतील आदिवासी ‘हंडिया’ ही तांदळाची बिअर ‘रानू’ किंवा ‘बाखर’ नावाच्या, मुळ्या व तांदळाचे पीठ यांच्या वाळविलेल्या गोळ्यांनी आंबवितात. लडाखमधील ‘छांग’ सातूपासून, तेथील यीस्टच्या वड्या घालून करतात. या वड्यांत यीस्टबरोबर स्टार्चाचे साखरेत रूपांतर करणारी बुरशीही असते. हॉप्स येथे वापरीत नाहीत. परंतु किण्वनाचे बीज घरी सुकवून जपण्याची युक्ती नॉर्वेतील शेतघरांसारखीच आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा असल्याने घरगुती बिअरला वाव नाही. जागीच बिअर करून विकणारी परवानाधारक उपाहारगृहे मात्र २००९ पासून प्रथम पुण्यात व नंतर मुंबईत निघाली.

मूल्यमापन : शुद्ध संवर्धनाशिवाय आधुनिक किण्वनविज्ञान उभे राहिले नसते, हॉप्सशिवाय बिअर टिकाऊ झाली नसती. तथापि दोन्ही सुधारणांनी निवडीचा अधिकार थोड्या हातांत दिला व विविधता घटविली. घरगुती निर्मात्याला खेप विकावयाची नसल्यामुळे ती बिघडली, तरी त्याचे नुकसान अल्प असते. म्हणून कारखान्याला न परवडणारी जोखीम तो घेऊ शकतो. नव्या वाणांच्या हॉप्सची चाचणी, उपेक्षित यीस्टचे जतन व विस्मृत निरीक्षणांची पुनर्तपासणी ही कार्ये त्यामुळे त्याच्याकडून घडली. अनेक देशांतील यीस्ट-संग्रहांत आता शेतघरांतील मिश्र संवर्धांनाही स्थान मिळाले आहे. मात्र हॉप्स व यीस्ट यांबरोबरच ती जोपासणाऱ्या, बहुसंख्येने स्त्रिया असलेल्या, व्यक्तींच्या पद्धतींची नोंद झाल्याखेरीज हा इतिहास पूर्ण होणार नाही. कारण यीस्ट गोठवून ठेवता येते, ते केव्हा काढावे व कोणते टाकावे याची जाण मात्र वापरातूनच टिकते.